शाफ्टला लागलेलं वयन

मला सावरलं ते धुळ्याच्या दगानाना मिस्तरींनी. त्यांच्या मागोमाग सुमनअक्कांनी, आणि समोरच्या चहाच्या टपरीवरच्या हमीदचाचांनी. ही तीन नावं आधी लिहून टाकतो. पुढचं वाचून कुणी म्हणेल, याला खान्देशचं ऊन बाधलं असणार. म्हणू दे. पण ही माणसं होती, त्यांनी मला जेवू घातलं, आणि माझे हात थरथरत असताना त्याच हातांत गाडी दिली, एवढं तरी कुणी खोटं धरू नये.

मी सातवीतून शाळा सोडलेला. घर कोकणात, खाडीच्या काठाला. केळीच्या ट्रकवर क्लीनर होऊन जळगावकडे आलो आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका केळी बागायतदाराकडे, भास्करआबांकडे, जीपवर ड्रायव्हर म्हणून राहिलो. आईने तोवर अख्ख्या वाडीला सांगून टाकलं होतं की मुलगा ड्रायव्हर झाला. त्यामुळे परत जायची वाट तिनेच बंद केली होती म्हणायची.

आबांची जीप जुनी, मिलिटरीच्या लिलावातली. पेट्रोल प्यायची ते बघवत नसे. त्या वर्षांत अशा जुन्या जीपांचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवायची लाटच आली होती. आबांनीही बसवून घेतलं. पण डिझेलचं इंजिन अंगाने दांडगं. स्टेअरिंगच्या चाकापासून खाली, पुढची चाकं वळवणाऱ्या बॉक्सपर्यंत जो लांब लोखंडी शाफ्ट जातो, त्याच्या वाटेतच ते येतं. कुणीतरी तो शाफ्ट तापवून, वाकवून, कसाबसा जुळवून दिला होता. पारोळ्याच्या अलीकडे भर दुपारी समोरून ट्रक आला, मी चाक फिरवलं, आणि चाक नुसतंच फिरलं. गाडी सरळच. ट्रकवाल्याने गाडी शेतात घातली म्हणून मी आज लिहितोय. शाफ्टला तारांनी आवळून, बैलगाडीच्या चालीने मी धुळ्यात आलो. गाडी उभी केली तेव्हा लक्षात आलं की हात चाकावरून सुटत नाहीयेत. सुटले तेव्हा थरथरायला लागले, ते थांबेचनात.

हमीदचाचांनी बोट दाखवलं, "दगाकडे जा."

ज्याने नुकताच स्टेअरिंगचा दगा पाहिलाय त्याला असलं नाव सांगणं म्हणजे थट्टाच. पण नाव खरंच दगा होतं. आधीची मुलं दगावली, म्हणून आईने याचंच नाव दगा ठेवलं. आता आणखी काय दगावणार, असा तिचा हिशेब. चाचा येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवत, "दगा देणाऱ्या गाड्या दगाकडेच येतात." नाना हसत नसत, रागावतही नसत. हे वाक्य त्यांनी पाऊस ऐकावा तसं ऐकून सोडलेलं असे.

आग्रा रोडला लागून पत्र्याची शेड, पुढे मोठा निंब. निंबाच्या फांद्यांना तारांनी लोंबकळणारे शाफ्ट. उभे टांगलेले, खाली प्रत्येकाचं स्टेअरिंगचं चाक तसंच, घंटेसारखं. अपघाताच्या, भंगाराच्या, लिलावाच्या गाड्यांतले. चाकावर एक लाल टिळा असे. गाडी सरळ चालताना चाकाची जी बाजू वर असते, तिची ती खूण. एप्रिलमधल्या धुळ्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. गरम वारा सुटला की ती चाकं हळूहळू फिरत, एकमेकांना लागून किणकिणत, आणि वारा पडला की थांबत. पण एका दिशेला तोंड करून कधी नाही. लाल टिळे आपापल्या वाटेला. बिनगाडीचे बरेच ड्रायव्हर चौकात उभे राहून आपापल्या गावाकडे बघताहेत, असं वाटे.

नाना त्या चाकांखालून वाकून आले. साठीच्या आसपासचा उंच माणूस, सदऱ्याच्या बाह्या दुपारच्या उन्हातही मनगटापर्यंत. जीपच्या खिडकीतून हात घालून त्यांनी चाकावर दोन बोटं ठेवली, आणि मला विचारलं, "हिनं वयन कोन्तं?"

मला वाटलं वय विचारतात. मी म्हटलं, आबा सांगतात स्वातंत्र्याच्या आधीची आहे. मग हमीदचाचांनी टपरीवरूनच मराठीत समजावलं: वय नाही रे, वळण. इकडे ळ म्हणत नाहीत, य म्हणतात. केळीची केयी, डोळ्याचा डोया, आणि वळणाचं वयन. आमच्या कोकणात ळ कसा घट्ट, फणसाच्या आठळीसारखा. इथे बहुधा उन्हानेच तो वितळला असावा.

नाना विचारत होते ते हे: या शाफ्टने शेवटचं वळण कोणतं घेतलं. प्रत्येक गाडीला हाच पहिला प्रश्न. त्यांचं म्हणणं असं की माणसाला जसं वळण लागतं तसं लोखंडालाही लागतं. हातांनी जे पुन्हा पुन्हा केलं ते शाफ्टमध्ये उतरतं, आणि सगळ्यात खोल उतरतं ते शेवटचं. "लोखंड बठ्ठं ऐकस," म्हणायचे, सगळं ऐकतं. मी पारोळ्याचं सांगितलं. त्यांनी चाक सोडलं, माझा उजवा पंजा उलटा करून पाहिला, आणि माझ्याशी नाही, पंज्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हाऊ हात घाबरेल शे." हा हात घाबरलाय.

आबांचा निरोप आला तो एसटीच्या ड्रायव्हरबरोबर. नानांकडून नवा शाफ्ट बसवून घे, तोवर तिथेच राहा. आणि हात बसत नसेल तर स्पष्ट सांग, दुसरा माणूस पाठवतो. आबांनी हे चांगल्या मनानेच कळवलं होतं. पण मी ते रात्रंदिवस चघळत राहिलो. दुसरा माणूस म्हणजे मी घरी. घरी म्हणजे आईचं तोंड.

शेडमध्ये एका खाटेवर माझी सोय झाली. काम मला देत नसत. फक्त पाहू देत.

नानांची काम करायची तऱ्हा वेगळीच. जुन्या जीपचा शाफ्ट सरळसोट असतो, भाल्यासारखा. समोरून धडक बसली की तोच भाला ड्रायव्हरच्या छातीवर येतो. आठ वर्षांपासून नाना सरळ शाफ्ट बसवतच नसत. शाफ्ट कापून मधे दोन सांधे घालत. त्या सांध्याला सगळे क्रॉस म्हणतात. त्यामुळे शाफ्ट इंजिनाला वळसा घालून जातो आणि धडकेत मोडून बाजूला पडतो. मात्र दोन्ही क्रॉस एका रांगेत बसले पाहिजेत. जरासे तिरके बसले तर चाक वळणात मधेच जड होतं, मधेच एकदम हलकं, जणू कुणी ओढून घेतलं. बाकीचे मिस्तरी अदमासाने बसवत. नाना दोन्हीकडे टोकदार पंच ठोकून एकेक टिंब उठवत आणि टिंबासमोर टिंब आल्याशिवाय बोल्ट आवळत नसत. एखादा घाई करू लागला तर त्याच्या हातात पाना देत आणि स्वतः खाटेवर जाऊन बसत. घाई तिथेच संपे.

कापायच्या आधी ते शाफ्टच्या टोकाला कान लावत, आणि दुसऱ्याला पुढची चाकं हलवायला सांगत. मी किती वेळा हलवली. एकदा विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाले, काही नाही आलं तर बरं.

एकदा एक जण लिलावात घेतलेली जीप घेऊन आला. पांढरे कपडे, हातात घड्याळ, बोलणं मोठं. आपण कशी स्वस्तात उचलली ते त्याने चाचांना दोन कप चहात सांगितलं. नानांनी चाकावर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग हात सदऱ्याला पुसून म्हणाले, "हिनं वयन आजून व्हयेल नही. मी हात लावाव नही."

तो माणूस हसला. आम्हीही हसलो असू. वळण अजून व्हायचंय म्हणजे काय? त्याने दुसरीकडून काम करून घेतलं. मी तिथे असतानाच एक दिवस भंगारवाल्याच्या हातगाडीवर एक शाफ्ट आला. नानांनी तो न बघताच ओळखला. चाकावर टिळा लावला, निंबाला टांगला. त्या माणसाचं काय झालं हे चाचांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही नसेल विचारवलं. त्या दिवशी त्यांनी दगाचा विनोदही कुणाला सांगितला नाही.

शेडच्या मागे दोन खोल्या. एकीत नाना, बायको फार मागे वारलेली. दुसरीत सुमनअक्का, धाकट्या भावाची विधवा. भावाचं नाव उखा. अक्का अमळनेरच्या माहेरच्या, कडक, पाठ ताठ. त्या नानांना जेवण देत. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. ताट ऐरणीवर ठेवून जात. पण नानांशी बोलत नसत. मी आल्यावर त्यांना सोय झाली.

"त्यासले सांग, भाजीमा मीठ वर पडनं."

मी नानांना सांगायचो, भाजीत मीठ जास्त पडलंय. नाना दोन हातांच्या अंतरावरच बसलेले.

"तिले सांग, चाली जाई."

मी अक्कांना सांगायचो, चालेल. असा माझा टेलिफोन झाला. चाचा मला विचारत, काय रे, ट्रंक कॉल लागला का आज? मी हसायचो, पण ताट उचलताना मला त्या ऐरणीची भीती वाटे. आठ वर्षं दोन माणसं एका लोखंडाच्या तुकड्याच्या दोन बाजूंनी जेवत होती.

कारण शेडच्या आत होतं. आत, जिथे वारा पोचत नाही, एकच शाफ्ट एका खिळ्याला तारेने टांगलेला होता. उखाचा. सरळ, अखंड, एक ओरखडा नाही. चाकावरचा टिळा दाराकडे. मला झोपताना तो डोळ्यांत येई, म्हणून मी चाक भिंतीकडे फिरवून ठेवायचो. दुपारपर्यंत टिळा पुन्हा दाराकडे असे. तारेला पीळ असतो, तो उलगडतो, हे मलाही कळतं. मी पीळ काढून पाहिला होता.

शेवटी मी चाचांना विचारलं. टपरीच्या मागे नळ होता, तिथे बसून ते कप विसळत होते. त्यांनी सांगितलं. उखा जीप चालवायचा, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या घाटात. त्या दिवशी सकाळी घरात भांडण झालं. अक्का रागात बोलून गेल्या: जातोस तिकडेच राहा. दुपारी घाटातल्या उजव्या वळणावर गाडी सरळ दरीत गेली. शाफ्ट छातीत. पाहिलं कुणीच नाही. पंचनाम्याला लोक जमले, आणि कुणी काही विचारायच्या आत नाना पुढे होऊन बोलले, शाफ्ट मी बसवला होता, तो अडकला, चूक माझी.

"झूठ," चाचा म्हणाले. "गाडी वर काढायला मी होतो. चाक एका बोटाने फिरत होतं."

मग नाना खोटं का बोलले, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि नळाचा आवाज बदलला. मागे, नळाखाली लावलेली अक्कांची बादली भरून वाहत होती आणि त्या तशाच उभ्या होत्या.

मला तेव्हा सगळं एकदम कळलं, आणि त्यांनाही कळताना मी पाहिलं. स्टेअरिंग अडकलं नव्हतं तर उखाने वळवलंच नाही. वळवलं नाही तर का नाही? त्या एका वाक्यापायी? हा प्रश्न अक्कांपर्यंत पोचू नये म्हणून नाना आठ वर्षं स्वतःच्या हाताला बट्टा लावून बसले होते. ज्याच्या टिंबासमोर टिंब येतं त्या माणसाने. आणि आता तो प्रश्न बादली घेऊन घरात गेला होता.

त्या दिवशी ऐरणीवर ताट आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना जीपखाली होते. आबांच्या जीपचा बॉक्स इतक्या जुन्या घडणीचा की निंबावरच्या एकाही शाफ्टचे दाते त्यात बसेनात. मी आतल्या शाफ्टकडे बघायचं टाळत होतो. तो त्याच घडणीचा होता, हे मलाही दिसत होतं. इतक्यात अक्का शेडमध्ये आल्या. ताट ठेवून जाण्यापलीकडे त्या तिथे कधी येत नसत. खिळ्यावरून त्यांनी तो शाफ्ट काढला, दोन्ही हातांवर तान्ह्या पोरासारखा आडवा धरला, आणि ऐरणीवर ठेवला.

"त्यासले सांग," त्या मला म्हणाल्या, "हाऊ बसाडा. आनि घाटमा चला. मी बी येसू. त्यानी वयाडं का नही, माले समजाले पाहिजे."

उखाने वळवलं होतं की नाही, हे त्यांना त्या लोखंडाकडूनच ऐकायचं होतं. मी सांगायला वळलो. नाना जीपखालून बाहेर आले होते. त्यांनी ऐकलं होतं. तोंडाला तेल लागलेलं, आणि त्या तेलाखाली चेहऱ्याचा रंग गेलेला. ऐरणीवरच्या शाफ्टकडे बघत म्हणाले, "तिले सांग, बसाडस."

पुढचे दोन दिवस त्यांनी मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. कान लावताना चाकं हलवायलासुद्धा बोलावलं नाही. टपरीवर बसून मी करवतीचा आवाज ऐकत होतो. मधेच थांबे, पुन्हा सुरू होई. चाचा म्हणाले, आठ साल एक शाफ्ट कापायला लागले याला.

गाडी कोण चालवणार, हे मी गृहीत धरलं होतं. नाना स्वतः. पण त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी हात दाखवले. थरथरतच होते. म्हटलं, नाना, माझ्याने नाही होणार, दुसरा कुणी बघा. त्यांनी किल्ली खाली केली नाही. त्यांच्या ओळखीचे सगळे हात पक्के होते. पक्का हात स्वतःच्या मनाने गाडी नेतो, असं ते म्हणाले. "घाबरेल हात खोटं नही बोलस."

सकाळी निघालो. नाना माझ्या डाव्या बाजूला, अक्का मागे. बंपरला पाण्याची छागळ टांगलेली. शिरपूरपर्यंतचा रस्ता दोरी धरून आखल्यासारखा सरळ. तापीचा पूल गेला, कापसाची मोकळी रानं गेली. चाक हातात चांगलं लागत होतं. मात्र किंचित उजवीकडे घेतलं की वाटे, आत काहीतरी सैलावतंय. वाटलं, नवी गाडी झालीय, सवय नाही.

घाट सुरू झाला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सातपुड्याची झाडं त्या महिन्यात पानांवाचून उभी असतात, सावली नावाला नाही. एक माणूस नाही, गुरं नाहीत, पक्ष्याचा आवाज नाही. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. मला वाटत होतं की मी हे वळण घेऊ शकणार नाही. पारोळ्यासारखं चाक नुसतं फिरेल आणि गाडी सरळ जाईल, आणि मागच्या बाईला तिचं उत्तर मिळेल.

"हाईच," नाना म्हणाले.

तेच वळण समोर दिसलं. मी चाक धरलं, फिरवायला म्हणून जोर लावला, आणि माझा जोर लागायच्या आत चाक माझ्या हातांखाली फिरलं. एकदम हलकं होऊन, उजवीकडे, डोंगराकडे. माझ्या पंजांवर दुसरे पंजे आहेत, गरम, आणि ते मला शिकवताहेत, असं ते फिरलं. गाडी वळणातून अशी निघाली की बसलेल्या माणसाला कळूही नये. पुढे सपाटी लागली तिथे मी थांबवली.

नाना समोर बघत होते. म्हणाले, "वयेल व्हता तो."

वळला होता तो. त्याने वळवलं होतं. कडा ढासळली असेल, खडी सरकली असेल, काहीही. पण त्याला घरी यायचं होतं.

मी आरशात पाहिलं. अक्कांनी पदर तोंडात धरला होता आणि त्यांचे डोळे कोरडे होते. थोड्या वेळाने त्या खाली उतरल्या, छागळ सोडली, गाडीला वळसा घालून नानांच्या बाजूला आल्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "पानी देऊ का?"

मला मधे घेतलं नाही. टेलिफोन तिथे बंद झाला.

परतलो तेव्हा वारा पडलेला होता. निंबाखाली चाचा उभे होते, रिकामा कप हातात घेऊन. त्यांनी वर बोट केलं. झाडावरच्या सगळ्या चाकांचे लाल टिळे उत्तरेला होते, घाटाकडे. एकूण एक. चाचा काहीतरी पुटपुटले आणि कप विसळायला निघून गेले. नानांनी मात्र वर पाहिलं नाही. ते सरळ खाटेवर जाऊन आडवे झाले, दिवसा आडवा होणारा माणूस नव्हता तरी. अक्कांनी त्या दिवशी ताट ऐरणीवर ठेवलं नाही. त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आबांकडे निघालो. उखाचा शाफ्ट गाडीतच राहिला. मी म्हटलं, नाना, ही तुमच्या घरची वस्तू. ते म्हणाले, हात घाबरलेला आहे तोवर राहू दे गाडीत. "भीती गयी का मंग आनी देजो." एवढंच बिल त्यांनी माझ्यावर लावलं.

आबांनी मला ठेवून घेतलं. माझी थरथर हळूहळू गेली. निदान लोकांना दिसेनाशी झाली.

दोनेक वर्षांनी जळगावच्या एका मिस्तरीकडे गाडी ग्रीसला टाकली. तो खाली गेला आणि हसतच वर आला. म्हणाला, हा शाफ्ट कुणी आंधळ्याने बसवलाय काय? दोन्ही क्रॉस रांगेत नाहीत, एक तिरका आहे, उजव्या वळणात चाक हलकं होत असेल. मी म्हटलं, हे दगानानांचं काम आहे, ते असं करणार नाहीत. त्याने मला खाली वाकायला लावलं आणि टॉर्च धरली. टिंबासमोर टिंब नव्हतं. पण नीट पाहिलं तर जिथे क्रॉस तिरका बसला होता तिथे एक तिसरं टिंब होतं. बारीक, स्वच्छ, पंचाचा एकच ठोका मारलेलं. चुकून नव्हे. तिथेच बसवायचं होतं म्हणून.

मी त्या गाडीखाली किती वेळ पडून होतो कोण जाणे. घाटात ते वळण जवळ येईल, हा घाबरलेला हात उजवीकडे जोर लावेल, आणि चाक आपोआप हलकं होईल. हे त्या माणसाने दोन दिवस एकट्याने बसून घडवलं होतं. एका बाईला यापुढे रात्री झोपता यावं म्हणून. आयुष्यात टिंब न चुकवलेल्या माणसाने ते मुद्दाम चुकवलं, आणि चुकवताना खूणही करून ठेवली, कारण चूकसुद्धा त्याला अदमासाने करवेना.

जळगावच्या मिस्तरीने क्रॉस सरळ केला. टिंबासमोर टिंब आणलं, मी स्वतः पाहिलं.

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, नानांनी आम्हा दोघांना फसवलं, आणि देव त्यांचं त्याबद्दल भलं करो. पण क्रॉस सरळ झाल्यावरही, उजव्या वळणाला, डावीकडे खोली असली की माझ्या हातांखाली चाक हलकं होतं. सगळ्याच वळणांना नाही. ज्यांची मला भीती वाटते त्यांनाच. मी तीन मिस्तरींना दाखवलं. ते म्हणतात, काही नाही, तुझ्या हाताचा भास आहे. मी वाद घालत नाही. नानांनाही हे ठाऊक होतं का, की त्यांनी जे खोटं म्हणून घडवलं ते आधीपासूनच त्या लोखंडात होतं? त्यांनी कापायच्या आधी कान लावला असणार. काय ऐकू आलं ते कुणाला सांगितलं नाही. आणि निंबावरची ती चाकं कुठल्या क्रॉसने फिरली होती?

नाना मला शेवटचे दिसले ते चालत्या गाडीतून. आबांच्या घरचं लग्न होतं, जीप बायकापोरांनी खच्चून भरलेली, पुढच्या गाड्यांच्या मागे लागून धुळ्यातून जात होतो. दुपारचीच वेळ. निंबाच्या फांद्यांना नुसत्या तारा होत्या, शाफ्ट एकही नाही. खाली खाटेवर नाना बसलेले. खूप वाळलेले, नजर गेलेली असावी, कारण हॉर्न दिला तर त्यांनी आवाजाकडे कान केला, तोंड नाही. दोन्ही हात समोर हवेत धरलेले, चाक धरल्यासारखे. हळूहळू ते हात उजवीकडे फिरले आणि फिरलेलेच राहिले.

अक्का शेजारी गहू निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. रोजचंच असावं, तशा सवयीच्या आवाजात म्हणाल्या, "झायं ना नाना वयन. आते सरय करा."

नानांनी हात सरळ केले.

आणि माझ्या हातांखाली, त्या सपाट, सरळ रस्त्यावर, चाक हलकं झालं. मागे कुणीतरी बाई म्हणाली, काय ओ, झोप आली का? मी गाडी सावरली. आरशात निंब लहान होत गेला.

तो शाफ्ट अजून माझ्याकडेच आहे. आबांची जीप निकामी झाली तेव्हा मी तो मागून घेतला आणि आता माझ्या स्वतःच्या गाडीत आहे. नाना, तुम्ही सांगितलं होतं, भीती गेली की आणून दे. अजून गेली नाही. जरा कमी झालीय, खोटं कशाला बोलू. ज्या दिवशी एखाद्या वळणाला चाक हलकं होणार नाही, मला मीच वळवावं लागेल आणि मी वळवीन, त्या दिवशी कुठेही असलो तरी गाडी धुळ्याला घालीन. आतल्या खिळ्याला नवी तार बांधीन आणि उखाभाऊंना घरी आणून टांगीन, टिळा दाराकडे करून.